‘कंटेंट टाइप’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: वापरकर्त्यांनी चढवलेल्या फाइली परत पाठवताना सर्व्हर प्रत्येक फाइलीआधी ‘कंटेंट टाइप’ची ओळ पाठवतो. एका माहितीपुस्तिकेत मी त्यासाठी ‘आशयप्रकार’ लिहिले, परंतु मुद्रितशोधकांनी त्याखाली तांबडी रेघ ओढली आहे. हा शब्द खरोखर चुकीचा आहे का? ‘स्निफिंग’साठीही शब्द हवा आहे.

उत्तर: रेघ रास्त आहे. आशय कवितेचा किंवा भाषणाचा असतो. येथे प्रश्न इतकाच आहे की आलेले बाइट चित्र म्हणून वाचायचे, पीडीएफ म्हणून, की वेबपान म्हणून. मूळ संज्ञा १९९२ च्या ‘माइम’ या ई-मेलच्या मानकातून आली. आज अधिकृत नाव ‘मीडिया टाइप’ असले, तरी ‘माध्यमप्रकार’ म्हटल्यावर आपल्याला मराठी आणि इंग्रजी शाळाच आठवतील. मी ‘घोषित स्वरूप’ असे लिहितो. फाइलीचे खरे स्वरूप, तिच्या नावाअखेरचे ‘जेपीजी’ आणि सर्व्हरने जाहीर केलेला प्रकार ही तिन्ही वेगवेगळी असू शकतात, म्हणून ‘घोषित’ हे विशेषण गाळू नये. आमच्या एका कामात गुणपत्रिकांच्या पीडीएफ साठवताना प्रकार नोंदवायचा राहिला. त्या ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ म्हणून, म्हणजे नुसते बाइट म्हणून जाऊ लागल्या आणि ब्राउझर त्या उघडण्याऐवजी उतरवून ठेवू लागला. फाइल बिघडली आहे का, असे पालक विचारत राहिले. लिपीसंकेतन, म्हणजे कोणते बाइट कोणत्या अक्षराचे हा नियम, तोही याच ओळीत सांगायचा असतो. यूटीएफ-८ या संकेतनातला ‘म’ तीन बाइटांचा असतो. ब्राउझरने पश्चिम युरोपीय संकेतन गृहीत धरले, तर त्याच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाची खूण आणि वर्तुळातला ‘आर’ उमटतो.

दुसरे उत्तर: ‘घोषित स्वरूप’ पटले. ‘स्निफिंग’साठी ‘हुंगणे’ हा रोकडा शब्द असताना ‘स्वरूपानुमान’ कशाला घडवावे? घोषणाच नसेल, तर ब्राउझर सुरुवातीचे बाइट पाहतो. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते, त्यावरून तो ती ओळखतो. जुना इंटरनेट एक्सप्लोरर तर चित्र म्हणून घोषित केलेल्या फाइलीतही एचटीएमएल ही वेबपानाची भाषा आढळल्यास तिला वेबपान समजे, आणि आतली स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरने चालवायचा कोड, चालून जाई. म्हणून त्याच्याच आठव्या आवृत्तीत ‘नोस्निफ’ ही सूचना आली, जिचे सरळ मराठी ‘हुंगू नकोस’ असे होते. पुस्तिकेत एवढे जरूर लिहावे की फाइल चढवताना सोबत आलेली घोषणा वापरकर्त्याच्या हातातली असल्याने तिच्यावर विसंबू नये आणि सर्व्हरने स्वतः बाइट तपासून स्वरूप ठरवावे. एसव्हीजी या प्रकारच्या चित्रफाइलीची घोषणा अचूक असली, तरी त्यात स्क्रिप्ट असू शकते. ती पानात उघडू न देता जोडपत्र म्हणून पाठवलेली बरी.

प्रश्नकर्ता: दोन्ही शब्द घेतो. मात्र प्रोग्रामरला कोडमध्ये मूळ संज्ञाच लिहावी लागते, म्हणून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘कंटेंट टाइप, म्हणजे घोषित स्वरूप’ असे लिहीन.