हेडसेटची लाइन आणि फोनची जोडी थेट जोडू नका

नाट्यगृहाच्या प्रकाशकक्षातल्या हेडसेटची (इंटरकॉमची) लाइन आणि ऑफिसातला ईपीएबीएक्सचा, म्हणजे अंतर्गत एक्स्चेंजचा, फोन समांतर जोडला तर चालेल का, असं विचारलंत. कळकळीने सांगतो, नको. क्लिअर-कॉम कंपनीच्या इंटरकॉम पद्धतीत केबलच्या जोडणीत पिन १ ग्राउंड, पिन २ वर बेल्टपॅकसाठी (हेडसेट जोडायची कमरेची पेटी) साधारण ३० व्होल्ट डीसी आणि पिन ३ वर आवाज असतो. टेलिफोन एक्स्चेंजच्या लाइनवर ४८ व्होल्ट डीसी, शिवाय घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या आसपास एसी. एवढा एसी बेल्टपॅकमध्ये शिरला तर ऐन प्रयोगात सगळ्यांचे हेडसेट गप्प होतील.

मध्ये टेलिफोन हायब्रिड, म्हणजे दोन्ही लाइन जुळवणारं उपकरण, हवाच. दोन्हीकडे जाणारा-येणारा आवाज एकाच जोडीवर असतो; हायब्रिड तो वेगळा करतो. खरी मेहनत नल जुळवण्यात, म्हणजे पाठवलेला आवाज परत येऊ नये असा समतोल साधण्यात आहे. ती जमली नाही तर आवाज गोल फिरतो आणि शिट्टी सुरू होते. रोजची सगळी केबल, सगळे बेल्टपॅक लावून, माइक बंद ठेवून नल करा. नंतर एखादी लांब केबल वाढवलीत तर पुन्हा.

बेल्टपॅकवरचा कॉलचा (लक्ष वेधायचा) दिवा फोनकडून लागणार नाही, कारण तो पिन ३ वरच्या डीसीवर चालतो आणि हायब्रिडमधला ट्रान्सफॉर्मर डीसी अडवतो. आरटीएस या दुसऱ्या कंपनीचे बेल्टपॅक असतील तर वायरिंगच निराळं, तिथे पिन २ वर वीज आणि पहिलं चॅनेल एकत्र असतं.

फोनच्या बाजूला एक स्विच मात्र जरूर ठेवा. ‘स्टँडबाय’ (पुढच्या इशाऱ्यासाठी तयार राहा) म्हटल्यावर ऑफिसातली गडबड कुणाच्याही कानात जाता कामा नये. आणि फक्त ‘प्रेक्षक आत बसले’ एवढंच कळवायचं असेल, तर ऑफिसात एक जादा बेल्टपॅक द्या.