नोकरीसाठी पुण्यात कुटुंब हलवताना घर कुठे बघावं? – जाणकारांनी लिहा

नागपूर, लातूर, जळगाव, कोल्हापूरहून पुण्यात नोकरी लागली की घरातला एक जण आधी येतो. महिनाभर पीजीत राहतो आणि एका शनिवार-रविवारी चार फ्लॅट बघून टोकन देऊन टाकतो. सुट्टीच्या दिवशी रस्ते मोकळे असतात, नळाला पाणी असतं, शाळा बंद असते. घर निवडताना ज्या तीन गोष्टी कळायला हव्यात त्या नेमक्या त्या दोन दिवसांत दिसत नाहीत. म्हणून हा धागा. कुठल्या कामाच्या पट्ट्यासाठी कुठला भाग बघावा, काय मोजावं, कुठल्या कागदावर काय लिहून घ्यावं, हे सविस्तर लिहा. 'अमुक एरिया मस्त आहे' एवढ्यावर थांबू नका, का ते सांगा.

हिंजवडी पट्टा

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये ऑफिस आहे एवढं कळून भागत नाही, फेज (पार्कचा टप्पा) कुठला ते आधी विचारा. छत्रपती शिवाजी महाराज चौकापासून फेज तीन पाच किलोमीटरच्या वर आत आहे आणि संध्याकाळी ते पाच किलोमीटरच सगळ्यात जड जातात. फेज एकसाठी वाकड, बाणेर, बालेवाडी चालतं. फेज तीनसाठी वाकडात घर घेतलं तर भूमकर चौक किंवा वाकड पूल आणि पुढे शिवाजी चौक, असे दोन अडथळे रोज पार करायचे. त्यापेक्षा माणच्या बाजूला आतच राहावं किंवा म्हाळुंगे-नांदे रस्त्याने जाता येईल असं घर बघावं. मात्र आत राहिलं की शाळा, मोठा दवाखाना, मंडई यांसाठी बाहेर यावं लागतं, म्हणजे गर्दी तुमच्या ऐवजी घरातल्यांच्या वाट्याला येते. कोणाला किती वेळा बाहेर पडायचंय ते कागदावर मांडून मगच ठरवा.

रस्ता मंगळवारी किंवा बुधवारी तपासा. सकाळी साडेआठला घराच्या गेटपासून ऑफिसच्या गेटपर्यंत आणि संध्याकाळी साडेसहाला उलट. नकाशावरचा वेळ बघायचा असेल तर 'आत्ता निघालो तर' असा बघू नका, त्या वाराची आणि त्या वेळेची निवड करून बघा. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं म्हणजे महिन्याच्या 22 दिवसांत 33 तास होतात. जुलैतल्या पावसात हे किती वाढतं ते त्याच सोसायटीतल्या रहिवाशांना विचारा, एजंटला नको.

नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर

एक हिंजवडीत आणि दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खराडीत, ही जोडी पुण्यात फार दिसते. नकाशावर मधोमध टाचणी टोचून घर शोधणं इथे चुकीचं ठरतं, कारण मग दोघंही अडकतात आणि मूल दोघांपासून लांब राहतं. ज्याला ऑफिसात रोज जावं लागतं आणि ज्याची वेळ पक्की आहे, त्याच्याजवळ घर घ्या. आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्याने लांबचा प्रवास करावा. मेट्रोचा उपयोग करायचा असेल तर वनाझ–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या दोन मार्गिका शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना मिळतात. रामवाडीच्या पुढे खराडीपर्यंत रिक्षा किंवा बस लागतेच, तो वेळ धरून हिशोब करा.

आणि पाळणाघर ऑफिसजवळ न बघता घराजवळ बघा. मुलाला ताप आला की बोलावणं येतं आणि तेव्हा आजी, शेजारी कोणीही चटकन पोचू शकतं.

पाण्याबद्दल (सोसायटीच्या कमिटीत काम केलेल्यांकडून)

हे जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्यात सगळ्यात जास्त फसगत पाण्यातच होते.

पहिला प्रश्न: घर कोणाच्या हद्दीत आहे? बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये. वाघोली, म्हाळुंगे, सूस ही गावं 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, पण गाव हद्दीत आलं म्हणजे लगेच घरोघरी नळ आला असं होत नाही. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर 2019 पासून पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा तिथे साठवणटाकी किती मोठी आहे हे महत्त्वाचं.

दुसरा प्रश्न: रोज टँकर किती? दर माणशी दिवसाला 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा ठरलेला आकडा. चौघांचं घर म्हणजे 540 लिटर. दोनशे फ्लॅटची सोसायटी म्हणजे 1,08,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर. आता वॉचमनकडच्या वहीत एप्रिल-मे महिन्यात रोज किती टँकर आत आले ते बघा. दोन-तीन असतील तर महापालिकेचं पाणी बऱ्यापैकी आहे. आठ-नऊ असतील तर जवळजवळ सगळी सोसायटी टँकरवर आहे. मग टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा मागणार, ते लेखी घ्या. बहुतेक भांडणं इथेच होतात: भाडं ठरताना 'मेंटेनन्स मालकाकडे' म्हणतात आणि मेमध्ये टँकरची वेगळी वर्गणी भाडेकरूच्या दारात येते.

तिसरं: टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर काही शे रुपयांना मिळतं, ते खिशात ठेवा. स्वयंपाकघरातल्या आणि बाथरूममधल्या दोन्ही नळांचं पाणी मोजा, कारण काही इमारतींत दोन वेगळ्या लाइन असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 500 मिलिग्रॅम प्रति लिटर ही चांगली मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत सूट आहे. आकडा 800-900 दिसला तर ते बहुधा बोअरचं जड पाणी. त्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, वॉशिंग मशीन लवकर बिघडतं, नळाच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी काढून धुवाव्या लागतात. घर बाकी सगळं छान असेल तर घ्या, पण सॉफ्टनरचा खर्च कोणाचा हे करारात असू द्या.

मीटर जंतू दाखवत नाही. जानेवारी 2025 मध्ये किरकटवाडी, धायरी, पुण्याजवळचं नांदेड गाव, खडकवासला या भागात गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच होता. टाकी शेवटची कधी धुतली, क्लोरीन कोण तपासतं, हे दोन प्रश्न सेक्रेटरींना जरूर विचारा. नळाच्या टोकाला 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर तरी उरलेला क्लोरीन असावा. ते तपासायचं किट स्वस्त असतं. उत्तर देताना सेक्रेटरी अडखळले तर समजा, कोणी तपासत नाही.

पूररेषा

वरच्या ताईंनी पाण्याचं लिहिलंच आहे, नको असलेल्या पाण्याचंही बघा. नदीकाठचं घर असेल तर निळी आणि लाल पूररेषा तपासा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. ओढ्यांकडेही लक्ष द्या. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याने कात्रजपासून खाली हाहाकार केला होता. तळमजला आणि बेसमेंट पार्किंग असेल तर भिंतीवरची ओलीची जुनी रेघ शोधा. नवा रंग फक्त खालच्या चार फुटांनाच दिला असेल तर कारण विचारा.

भाडेकरार (हे काम करणाऱ्याकडून)

नोटरी केलेला करार चालतो, असं एजंट सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आधार आणि अंगठ्याने घरबसल्या नोंदणी होते, अर्ध्या तासाचं काम.

खर्चाचा अंदाज असा: भाडं 25,000, अकरा महिने, म्हणजे 2,75,000. परत मिळणारी अनामत 75,000 असेल तर तिच्यावर वार्षिक 10 टक्क्यांनी व्याज धरतात, अकरा महिन्यांचे 6,875. बेरीज 2,81,875. त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. एजंट पाच-सहा हजार सांगत असेल तर सरकारी पावत्या मागा.

करारात हे असू द्या: अनामत चावी दिल्यावर किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार असतील तर आकडा, लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, किती महिने (बदलीची नोकरी असेल तर तीनपेक्षा जास्त मान्य करू नका), पार्किंगचा नंबर. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी भाडेकरूकडे 'बिगर-भोगवटा शुल्क' मागते, ते मालकाचं देणं आहे आणि सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घेऊन मागची थकबाकीही बघा. आणि पोलिसांकडची भाडेकरू माहिती भरायला मालकाला लावा.

शाळा

ताई-दादांनो, शाळा आधी आणि घर नंतर. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाचं जूनमध्ये (विदर्भात जूनअखेर). ऑक्टोबरमध्ये बदली झाली तर चांगल्या शाळेत मधल्या इयत्तेची जागा मिळेलच असं नाही. जिथे जागा मिळते, त्या शाळेच्या बसमार्गावर घर बघा. बस मुलाला किती वाजता उचलते ते विचारा. अंतर चार किलोमीटर आणि बस तासभर फिरते, असं खूप ठिकाणी आहे.

दाखला नुसता कागदावर पुरत नाही. जुन्या शाळेने यूडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत मुलाचं नाव ड्रॉप बॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकल्याशिवाय नवी शाळा त्याला आपल्या पटावर घेऊ शकत नाही. गाव सोडण्यापूर्वी हे करून घ्या आणि मुलाचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) लिहून ठेवा. आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखाली) प्रवेश घ्यायचा असेल तर पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरारच लागतो, किमान अकरा महिन्यांचा आणि अर्जाच्या आधीच्या तारखेचा. वरच्या दादांनी ज्या नोटरीच्या कराराबद्दल सावध केलं, तो इथे नडतो.

चाकण-रांजणगाव

कारखान्यात नोकरी असेल तर कंपनीच्या बसचे थांबे विचारा आणि थांब्यापासून चालत दहा मिनिटांत घर बघा. चाकणसाठी मोशी, भोसरी, इंद्रायणीनगर. रांजणगावसाठी पुण्यातून रोज पन्नास किलोमीटर जाण्यापेक्षा शिरूरचा विचार करा, भाडं बरंच कमी पडतं. दुसऱ्या पाळीची बस मध्यरात्रीनंतर सोडते. थांबा ते घर या रस्त्याला दिवे आहेत का ते रात्रीच जाऊन बघा.

आई-वडील बरोबर येणार असतील तर

लिफ्ट जनरेटरवर चालते का? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का? घर सहाव्या मजल्यावर आणि वीज गेली, तर गुडघ्यांचा त्रास असलेली माणसं घरातच अडकतात. खाली बसायला बाकं, चालत जाता येईल असं मंदिर किंवा बाग, आणि मराठी बोलणारं कोणी शेजारी असलं तर त्यांचे पहिले सहा महिने सोपे जातात.

प्रश्न: आमच्यासमोर पुणे आणि हैदराबाद असे दोन पर्याय आहेत. मुलगी आठवीत, तिला डॉक्टर व्हायचंय. भाडं आणि प्रवास सोडून आणखी काय बघू?

उत्तर: हाच मुद्दा सगळ्यात वर ठेवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवास दाखला आणि त्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून लागतात. मंडळ सीबीएसई असलं तरी चालतं, शाळा राज्यात हवी. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे, खाजगी नोकरीतल्यांनी ती धरून चालू नये. मुलगी आठवीत आहे म्हणजे दहावी दोन वर्षांवर आली. हैदराबाद घ्यायचंच असेल तर नववीच्या प्रवेशाआधी परतता येईल का, हे कंपनीला आत्ताच विचारा.