जुन्या इनोव्हाचं ॲव्हरेज १३ वरून साडेनऊवर आलंय, आधी काय तपासू? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१२ ची इनोव्हा, अडीच लिटर डिझेल, १ लाख ९२ हजार किलोमीटर झालेत. इतकी वर्षं इमानाने चालली, शहर-हायवे मिळून १२-१३ चं ॲव्हरेज द्यायची. दिवाळीपासून ते घसरत चाललंय. काट्यावरून सांगत नाही. टाकी ऑटो-कटपर्यंत फुल केली, ३९६ किमी चाललो, त्याच पंपावर पुन्हा फुल केली तर ४१.२ लिटर डिझेल बसलं. म्हणजे ९.६.

कृपया "विकून टाका" असं सुचवू नका. वडिलांना अर्धांगवायू होऊन गेलाय. आठवड्यातून तीनदा त्यांना सिडकोतून गंगापूर रोडला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. या गाडीची सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीला येते. मी काखेत हात घातला की ते स्वतः वळून बसतात. खालच्या सीटच्या गाडीत त्यांना उचलून ठेवावं लागतं, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. मागची सीट दुमडली की व्हीलचेअरही मावते. पंधरा वर्षांचं पासिंग २०२७ ला संपेल, जमलं तर त्यानंतरही रिन्यू करून हीच ठेवायचीय.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे टाकले, ऑइल बदललं. धूर काळा नाही, पिकअपही ठीक. तरी एका गॅरेजवाल्यांनी चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) काढायला सांगितलेत आणि खर्च ३५ हजारांच्या पुढे. एवढे पैसे घालायचे तर आधी खात्री हवी.

दोन गोष्टी खटकतात. मुंबई नाक्याच्या सिग्नलवरून निघताना गाडी किंचित डावीकडे ओढते. आणि टेम्परेचरचा काटा पूर्वी निम्म्याच्या जरा खाली स्थिर असायचा, हल्ली तिथपर्यंत पोचतच नाही. यांचा डिझेलशी संबंध असेल का?

अजून एक. ठाण्याला जाताना कसारा घाट उतरताना चुलतभाऊ न्यूट्रल करायला लावतो. त्याने खरंच डिझेल वाचतं का?

प्रतिसाद

दादा, धूर नाही, पिकअप आहे, मग इंजेक्टरला एवढ्यात हात लावू नका. आधी गाडी डावीकडे ओढतेय ते बघा. पाच-सात किलोमीटर ब्रेक कमीत कमी दाबत चालवा, थांबा, आणि चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकाच चाकाला धग लागली तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. इंजिन ताकद लावतंय आणि ब्रेक ती खातोय. मग जॅक लावून ते चाक हाताने फिरवून बघा.

काटा वर येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप, उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी. इंजिन थंड राहिलं की डिझेल जास्त जातं. इंजेक्टरच्या खर्चापुढे तो भाग किरकोळ आहे.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दारापाशी असलेल्या स्टिकरप्रमाणे भरा. छतावर कॅरिअर असेल आणि लागत नसेल तर उतरवा.

घाटात न्यूट्रल अजिबात नको. उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की या इंजिनात डिझेल जवळजवळ बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. वर सगळा भार ब्रेकवर, ते तापतात. वडील गाडीत असताना हा धोका कशाला?

धागाकर्ता

मनापासून आभार. काल पुढचं डावं चाक सापडलं! पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आलो, तर उजव्या रिमजवळ कोमट आणि डाव्याजवळ हात धरवेना, वर जळका वास. फिटरने कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) उघडला तर एक पिन गंजून जाम झाली होती, आतला पॅड जवळजवळ पत्र्याला टेकलेला. पिना साफ करून ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. आता जॅकवर चाक एका बोटाने फिरतं.

धागाकर्ता, तीन आठवड्यांनी

३७२ किमीला ३२.६ लिटर, म्हणजे ११.४. ओढणं बंद झालंय. काटा मात्र अजून खालीच. पुढच्या आठवड्यात थर्मोस्टॅट बदलतोय. त्यासोबत कूलंटही नवं भरून घ्यावं, की आहे तेच चालेल? दोन वर्षांपूर्वी बदललं होतं.