पार्लरसाठी वॅक्स हीटर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, नौपाड्यात माझं छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्या आणि पडद्यामागे एक बेड. इतकी वर्षं साधा एका भांड्याचा हीटर वापरला. गेल्या आठवड्यात त्याचा थर्मोस्टॅट गेला. दिवा बंद, पण वॅक्स आपलं तापतच राहिलं! नशीब, मी नेहमी आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघते. माझ्यावरच निभावलं, क्लायंटला चटका बसला असता तर?

आता नवीन घ्यायचाय. मला हनी वॅक्स आणि ८०० मिलीच्या डब्यातलं लिपोसोल्युबल, दोन्ही लागतं. हनी पाण्याने निघतं, दुसऱ्याला तेलच लागतं, त्यामुळे एकाच भांड्यात दोन्ही नकोच. म्हणून दोन भांड्यांचा बघतेय, पण दोन्ही बाजूंना वेगळं बटण आणि वेगळं तापमान हवं. काहींना एकच नॉब असतो, मग काय उपयोग? शिवाय डबा तसाच आत बसेल का, की वॅक्स ओतून घ्यावं लागेल? ओतण्याचा पसारा मला नको.

दुकानदार म्हणतो रोल-ऑन घ्या, स्वच्छ काम. हातापायाला ठीक आहे हो, पण अप्पर लिप आणि अंडरआर्मला तो रुंद रोलर कसा चालायचा? आणि तोच रोलर सगळ्यांना फिरवायचा, हे मनाला पटत नाही.

कोणी दोन भांड्यांचा रोज वापरतंय का? श्रावण-गणपतीच्या गर्दीत टिकतो का? ठाण्यात दुरुस्ती कुठे होते तेही सांगा. बजेट तीन हजारांपर्यंत.