रास्पबेरी पायवर नेमकी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे, हे खात्रीने कसे ओळखावे?

कोथरूडचा सचिव (प्रश्न)

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या सोसायटीत गच्चीवरील टाकीची पातळी पाहून पंप चालू-बंद करण्यासाठी एक रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) बसवलेला आहे. ज्या सभासदाच्या मुलाने ही व्यवस्था उभी केली तो आता परदेशी असतो आणि पायच्या मेमरी कार्डावर त्याने ऑपरेटिंग सिस्टीमची कोणती आवृत्ती घातली होती, याची नोंद सोसायटीच्या दप्तरात नाही. पायला स्क्रीन जोडलेला नाही. मी घरच्या लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत शिरतो.

पाण्याच्या पातळीचा आलेख दाखवणारा एक प्रोग्राम मला त्यावर घालायचा आहे. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमची बुकवर्म किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते, आणि ३२ बिट व ६४ बिटसाठी दोन स्वतंत्र डेब फाइल (प्रोग्राम बसवण्याची पॅकेजेस) दिलेल्या आहेत. 'यूनेम -ए' ही आज्ञा दिल्यावर '६.१.२१-व्ही८+' आणि 'एआर्च६४' असे उत्तर आले, म्हणून मी ६४ बिटची फाइल उतरवली. परंतु पॅकेजचे आर्किटेक्चर एआरएम६४ असून सिस्टीमचे एआरएमएचएफ आहे, अशा अर्थाचा संदेश देऊन डीपीकेजीने (पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामने) ती नाकारली.

६.१ हीच ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती समजायची का? आणि एकाच यंत्राने स्वतःविषयी दोन परस्परविरोधी उत्तरे दिली, त्यांतील कोणते खरे मानावे?

लॅब सहायक, कर्वेनगर

दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. 'यूनेम' फक्त कर्नलविषयी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याविषयी सांगते. ६.१.२१ हा कर्नलचा क्रमांक असून त्यावरून ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती ठरवता येत नाही, ६.१ मालिकेचे कर्नल बुल्सआयच्या शेवटच्या काळातही होते आणि बुकवर्मच्या सुरुवातीलाही होते.

आपल्याला हवे असलेले उत्तर 'ईटीसी' फोल्डरमधील 'ओएस-रिलीज' या फाइलीत आहे. 'कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज' अशी आज्ञा द्यावी. (येथे देवनागरीत लिहिले असले तरी टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीतील छोटी अक्षरे टाइप करावीत.) जी पाच-सात ओळींची माहिती येईल, तिच्यात 'प्रेटी नेम' आणि 'व्हर्जन कोडनेम' या दोन ओळी पाहाव्यात. रास्पबेरी पाय ओएस डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेली असल्यामुळे तिच्या आवृत्त्या डेबियनच्याच नावांनी ओळखल्या जातात: १० म्हणजे बस्टर, ११ बुल्सआय, १२ बुकवर्म आणि १३ ट्रिक्सी. डेबियनने या अनुक्रमे २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ साली प्रसिद्ध केल्या. रास्पबेरी पायसाठीच्या प्रतिमा (कार्डावर लिहायच्या तयार फाइली) बहुधा त्यानंतर काही महिन्यांनी येतात.

आता बिटांचा गुंता. पाय ४ चा प्रोसेसर ६४ बिटचा आहे. २०२३ पासून पाय ४ चे फर्मवेअर (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम), कार्डावरील सिस्टीम ३२ बिटची असली तरी, उपलब्ध असल्यास ६४ बिटचे कर्नल सुरू करते. त्यामुळे 'यूनेम' प्रामाणिकपणे 'एआर्च६४' सांगते, पण त्या कर्नलवर चालणारे बाकीचे सर्व प्रोग्राम आणि लायब्ररी ३२ बिटच्याच राहतात. पॅकेज कोणते चालेल हे या दुसऱ्या भागावरून ठरत असल्याने विचारायचे ते डीपीकेजीलाच: 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर'. उत्तर 'एआरएमएचएफ' आले तर ३२ बिट, 'एआरएम६४' आले तर ६४ बिट. पडताळणीसाठी 'गेटकॉन्फ लाँग_बिट' ही आज्ञा आहे, तिच्यातील दुसरा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो. ती थेट ३२ किंवा ६४ असा आकडा देते.

जालावरील अनेक लेख आजही आवृत्ती पाहण्यासाठी 'यूनेम' सुचवतात. माझ्या मते ही सवय सोडलेली बरी.

तपकीर गल्ली

वरील उत्तराला एक पुरवणी. 'ओएस-रिलीज'च्या पहिल्याच शब्दावरून बिटांचा अंदाज येतो. ३२ बिटच्या सिस्टीममध्ये तेथे 'रास्पबियन' असे लिहिलेले असते आणि ६४ बिटच्या सिस्टीममध्ये 'डेबियन' असे. रास्पबियनचे नाव २०२० साली बदलून रास्पबेरी पाय ओएस झाले, मग जुने नाव आत कसे उरले, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे कारण असे की २०१२ सालच्या पहिल्या पायमध्ये आणि पाय झीरोमध्ये एआरएमव्ही६ जातीचा प्रोसेसर आहे. डेबियनची स्वतःची एआरएमएचएफ पॅकेजेस त्याच्यावर चालत नाहीत, म्हणून रास्पबियन प्रकल्पाने ती सर्व नव्याने बांधली. ३२ बिटची आवृत्ती त्या पॅकेजांवर उभी राहिली, तर ६४ बिटची आवृत्ती डेबियनची पॅकेजेस थेट वापरते.

आणखी एक फाइल उपयोगी आहे: 'ईटीसी'मधीलच 'आरपीआय-इश्यू'. कार्डावर लिहिलेली मूळ प्रतिमा कोणत्या तारखेची होती, ते तिच्यात नोंदलेले असते. पुढे कितीही अपडेट केले तरी ही तारीख बदलत नाही, म्हणून ती आजची आवृत्ती समजू नये. यंत्र कधीच्या काळातले आहे एवढेच तिच्यावरून कळते. सोसायटीच्या दप्तरात नोंद नसली तरी कार्डावर ही नोंद आहे.

कोथरूडचा सचिव

दोघांचेही आभार. 'प्रेटी नेम'मध्ये 'रास्पबियन जीएनयू/लिनक्स ११' आणि पुढे बुल्सआय असे आले. डीपीकेजी 'एआरएमएचएफ' म्हणते आणि 'गेटकॉन्फ' ३२ म्हणते. म्हणजे आवृत्तीही जुनी आणि बिटही कमी. याच कार्डावर बुकवर्म चढवता येईल का? दुसऱ्या इमारतीत असाच एक पाय आहे, त्याचा पासवर्ड मात्र कोणालाच ठाऊक नाही. त्याची आवृत्ती कळण्याचा काही मार्ग आहे का?

लॅब सहायक, कर्वेनगर

आहे त्या कार्डावर थेट एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याऐवजी नव्या कार्डावर नवी प्रतिमा लिहावी, अशीच रास्पबेरी पायच्या निर्मात्यांची शिफारस असते. शिवाय ३२ बिटची सिस्टीम अपडेट करून ६४ बिटची होत नाही. ६४ बिटची प्रतिमा नव्या कार्डावर लिहावी आणि जुने कार्ड जसेच्या तसे बाजूला ठेवावे, म्हणजे महापालिकेचे पाणी यायच्या वेळी काही अडले तर कार्ड बदलून पंप पूर्ववत चालवता येईल.

पंप चालवणारी जुनी पायथन स्क्रिप्ट असेल तर ती नव्या कार्डावर नेताना तीन फरक लक्षात असू द्यावेत. बुकवर्मपासून 'कॉन्फिग' फाइल 'बूट' फोल्डरमधून 'बूट/फर्मवेअर'मध्ये गेली आहे. 'पिप' या पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या आज्ञेने थेट सिस्टीममध्ये पॅकेज घालता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करावे लागते. आणि 'पाय' नावाचा ठरावीक वापरकर्ता २०२२ पासून आपोआप मिळत नाही. स्क्रिप्टमध्ये 'होम/पाय' असा पत्ता लिहिलेला असेल तर ती तेथेच अडेल. हे आधी तपासावे.

तपकीर गल्ली

पासवर्ड नसलेल्या पायबद्दल. टाकी भरलेली आणि पंप बंद असताना त्याचा वीजपुरवठा काढावा, हिरवा दिवा लुकलुकत असेल तर तो थांबेपर्यंत थांबावे, आणि मग कार्ड काढून लॅपटॉपला लावावे. विंडोजला कार्डाचा फक्त छोटा 'बूट' भाग दिसतो. त्यात 'इश्यू' नावाची एक टेक्स्ट फाइल असते. 'आरपीआय-इश्यू'मधील तीच तारीख नोटपॅडमध्ये वाचता येते. तारीख ऑक्टोबर २०२३ च्या आधीची असेल तर मूळ प्रतिमा बुकवर्मची नाही, हे नक्की.

कार्ड लावल्याबरोबर विंडोज दुसऱ्या भागासाठी 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असे विचारते, कारण लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम तिला वाचता येत नाही. तेथे रद्द करा. होकार दिला तर स्क्रिप्टसह सगळेच पुसले जाईल.