तास बुडवल्यानं कलावंत घडतो म्हणे!

मुपो_परळी: काल इथंच एकानं लिहिलं, 'कॉलेजात तास बुडवून तालमी केल्या तेच कलावंत झाले, ७५ टक्के हजेरीवाले कारकून झाले.' खाली लाइकचा पाऊस! अरे, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी या मंडळींनी औरंगाबादेत 'जिगीषा' ही नाट्यसंस्था चालवली, मग मुंबई गाठली. १९९१ला त्यांचं 'चारचौघी' नाटक आलं. ते उनाडक्या करून होतं का? आमच्या वर्गातले उनाड आज प्लॉटिंग करायलेत.

अर्धा_कप: शिस्त होती हो, पण वर्गातली नव्हे. मी बी.एस्सी.ला. युवक महोत्सवाच्या एकांकिकेला लाइटचं भाडं परवडेना. डालड्याच्या डब्यात बल्ब बसवला की झाला स्पॉट. डिमर म्हणजे बरणीत मिठाचं पाणी आन् दोन पट्ट्या. वरची पट्टी खाली सोडली की उजेड चढायचा. आज मालिकांचं लायटिंग करून घर चालवतो. डिग्री कुठंय ते आईलाच ठाऊक.

मुपो_परळी: मिठाच्या पाण्यातून वीज जाते हे फिजिक्सच्याच तासाला कळलं ना? म्हणजे तास केलात की!

लातूरची_लेक: तुमचे डबे-बरण्या ऐकून घेतल्या. तालीम रात्री, आमच्या हॉस्टेलचं गेट सातला बंद. एकांकिकेत आईचं काम मिळालं होतं, रेक्टर बाई म्हणाल्या वडिलांचं पत्र आण. वडिलांनी पत्र नाही, मामाला धाडलं. शेवटी आई एका पोरानंच केली, मिशी काढून. पोरांनी तास बुडवला की कलंदर, पोरीनं बुडवला की घरी फोन!

गोदाकाठ: लातूरकरांनी कलेवर बोलूच नये. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'च्या नावाखाली पोरांना क्लासमध्ये कोंडता, बारावीपर्यंत गाणं म्हणलं की मार्क किती तेवढंच विचारता.

लातूरची_लेक: त्याच पॅटर्ननं सालगड्यांची पोरं डॉक्टर झाली, दादा. तुमच्या पोटात दुखायलंय का? आन् मी गेटचं बोलायले.

मुपो_परळी: ताई, गेट सुरक्षेसाठी असतं. विषय भरकटला.

लातूरची_लेक: धोका बाहेरच्या पोरांचा, कुलूप आम्हाला. विषय हाच आहे!

नागसेनवन: बाबासाहेबांनी १९५०ला औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं तेव्हा खेड्यातून आलेल्या पोरांना तास बुडवायची चैन नव्हती. तिथंच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक काढलं, कितीतरी जणांना लिहितं केलं. शिष्यवृत्ती हजेरीवर अडकली की कलंदरपणा सुचत नाही. ज्याच्या बापाचं दुकान असतं त्यानं खुशाल नापास व्हावं.

अर्धा_कप: माझा बाप एसटीत कंडक्टर होता. दुकान कुठून आणलं?

नागसेनवन: पगार तर होता ना भाऊ? आमच्याकडं रोजगार हमी होती.

अर्धा_कप: बरं, मी अंबानी. खुश?

मुपो_परळी: गेटचा मुद्दा मान्य, ताई. पण त्यानं तास बुडवणं चांगलं ठरत नाही.

एफवाय_नांदेड: आमचं गेट साडेसातला बंद होतं. तुमच्या काळापेक्षा अर्धा तास प्रगती.