७०-२०० लेन्स (लांबचं जवळ आणणारी झूम) आधी घ्यायची की नाही? गोव्यात कॉन्सर्ट शूट करणाऱ्यांनो, बोला

लाल_माती :
डिसेंबर जवळ आला की पोरांचे मेसेज चालू होतात, दादा फेस्टिव्हल शूट करायचेत काय काय घेऊ, आणि सोबत कुठल्यातरी व्हिडिओतली यादी, दोन फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडी, २४-७० एफ/२.८, ७०-२०० एफ/२.८, म्हणजे वडिलांची एफडी मोडल्याशिवाय काही होत नाही. माझं मत एकदम उलट आहे आणि मुद्दाम इथे टाकतोय, शिव्या घालायच्या तर घाला. गोव्यात सुरुवात करणाऱ्याने ७०-२०० ला हात लावू नये. सेकंडहँड बॉडी, ८५ एमएम एफ/१.८ (क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी असेल तर ५० एफ/१.८), कानात घालायचे प्लग, घरी ड्राय कॅबिनेट (लेन्स कोरडी ठेवायचं कपाट). बस.

हिशोब सांगतो. एफपुढचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त. एफ/१.८ ला एफ/२.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो, किट लेन्सच्या ५.६ शी तुलना केली तर दहापटीच्या आसपास. म्हणजे दोन लाखांच्या झूमवर तुम्ही आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला असता तेव्हा स्वस्तातल्या प्राइमवाला (प्राइम म्हणजे झूम नसलेली लेन्स) २५०० च्या आसपास निवांत असतो. लोक म्हणतात झूम नाही मग जवळ कसं जाणार, अरे पण गोव्यात आपण शूट करतो कुठे? रवींद्र भवन, कला अकादमी, देवळाचा मंडप, शॅकमधला तीन जणांचा बँड. चार पावलं पुढे गेलं की झालं. आणि दहा वाजताचा नियम विसरू नका, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत त्यात रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं तेवढंच. त्यामुळे उघड्यावरचे कार्यक्रम दुपारी उन्हातच सुरू होतात, डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, म्हणजे बराचसा फेस्टिव्हल तुम्ही उजेडात नाहीतर संधिप्रकाशात काढता. तिथे कुठलीही लेन्स चालते.

पिट_पोरगो :
वाचून हसायला आलं, राग नको. चार पावलं पुढे म्हणे. मोठ्या स्टेजसमोर बॅरिकेड आणि स्टेजच्या मधे जी गल्ली असते ना, पिट, तिथे उभा राहिलायस कधी काम घेऊन? जगभर जो नियम चालतो तोच इथल्या मोठ्या शोला, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. दहा-पंधरा मिनिटं हातात. स्टेज माझ्या डोक्याच्या वर, गायक पुढे आला की नाकपुड्या दिसतात, मागे गेला की ८५ वर कमरेपासून वर पण बाजूला गिटारचं अर्धं मुंडकं, आणि ड्रमर? तो पार मागे, झांजांच्या आड. क्लायंटला गायक पाहिजे, प्रत्येक वादक पाहिजे, गर्दीसकट वाइड पाहिजे, वर स्पॉन्सरचं बॅनर पाहिजे. तीन गाण्यांत लेन्स बदलत बसू? तेही पेडण्याच्या मैदानात, २०२४ ला सनबर्न फेस्टिव्हल धारगळला झालं तो भाग आठव, तांबडी माती नुसती उडत असते, बॉडी उघडली की सेन्सरवर सगळा तालुका. म्हणून दोन बॉडी, एकीवर २४-७०, दुसरीवर ७०-२००, आणि लेन्स काढायचीच नाही. ही श्रीमंती नाही रे, हत्यार आहे.

उजेडाचा हिशोब पण अर्धाच सांगितलास. ८५ ला एफ/१.८ उघडून दोन मीटरवरून काढलं तर डोळा शार्प आणि कान गायब, गायक उड्या मारतोय, दहातले सात फोटो माइकवर फोकस. मग तू आपोआप २.८ ला येतोस. मग तुझी अडीचपट गेली कुठे?

लाल_माती :
तुझ्याकडे फोटोग्राफरचा पास आहे. मी ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याकडे नाही. तो तिकीट काढून येणार आणि गेटवर सिक्युरिटीवाला म्हणणार लेन्स निघणारा कॅमेरा आत नाही. बहुतेक मोठ्या शोच्या तिकिटांच्या मागे बारीक अक्षरात हेच असतं. म्हणजे दोन लाखांची लेन्स गाडीच्या डिकीत आणि हा आत मोबाइल वर करून. आधी पास, पास मिळायला आधी काम दाखवायला लागतं, काम छोट्या ठिकाणीच होतं. तो क्रम तू विसरलायस, आता मोठा झालास ना.

माइकवरच्या फोकसचं मात्र मान्य नाही. फेस डिटेक्ट बंद कर, एकच पॉइंट ठेव डोळ्यावर, आणि गायक ज्या हातात माइक धरतो त्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहा. ह्याला शून्य रुपये लागतात.

पखवाजी :
तुम्ही दोघं रॉक आणि डीजेवरच भांडताय. मी साथसंगत करतो, श्रोता म्हणून पण जातो, तर ऐका. विलंबित (संथ लयीतला) ख्याल चाललाय, गायिका षड्जावर स्थिर झालीय, तंबोरे जुळून आलेत, सभागृहात कोणी खोकत पण नाही, आणि पहिल्या रांगेतून खटॅक. परत खटॅक खटॅक खटॅक. केसरबाई केरकर संगीत समारोहासारख्या ठिकाणी लोक तास न् तास ऐकायला बसतात हो, तिथे हा माणूस बर्स्ट मोडमध्ये. सेकंडहँड बॉडी घ्या असं लाल_माती सांगतात, पण ती डीएसएलआर असली तर तिचा आरसा वर-खाली आपटतो त्याचा आवाज स्टेजवर आम्हाला येतो, मात्रा चुकायची वेळ येते. माझ्या मते बैठकीत शूट करायचं असेल तर आवाज न करणारा शटर ही पहिली गरज, लेन्स नंतर. तो नसेल तर द्रुत (जलद लय) सुरू होईपर्यंत कॅमेरा पिशवीत. तबला रंगात आला की घ्या हवे तेवढे.

आणि ऑटोफोकसचा तो लाल-नारिंगी दिवा बंद करा कृपया. गायकाच्या बरोबर डोळ्यांत येतो.

शटरबाई :
पखवाजी काका शंभर टक्के बरोबर, पण सायलेंट शटर म्हटलं की प्रश्न संपला असं नाही ना. मी मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) शूट करते, इलेक्ट्रॉनिक शटर लावला की आवाज शून्य, आणि घरी येऊन बघते तर फोटोवर आडवे काळे-जांभळे पट्टे. हल्ली बहुतेक सभागृहांत एलईडी पार लाइट (स्टेजचे दिवे) आलेत, ते मंद करायचे म्हणजे दिवा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा बंद-चालू करायचा, डोळ्याला कळत नाही. साधा सेन्सर मात्र पूर्ण फ्रेम एका झटक्यात वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी दिवा चालू असताना आणि काही बंद असताना. जुन्या हॅलोजनला हा त्रास जवळजवळ नव्हता. अँटी-फ्लिकर बटण असतं पण ते मुख्यतः विजेच्या फ्लिकरसाठी, आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० वेळा, एलईडीच्या वेगापुढे बऱ्याचदा ते काही करू शकत नाही. ग्लोबल शटरवाला (पूर्ण फ्रेम एकदम वाचणारा) सोनी ए९ थ्री आहे, २०२३ ला जाहीर झाला, त्याला पट्टे नाहीत, पण ती किंमत बोलायला नको.

तर काय करायचं, शटर स्लो करायचा. गायक बसलेला आहे, १/१०० सेकंद पुरतो, कधी १/५०. पट्टे पूर्ण जातात असं नाही पण फिके होतात. आणि १/५० ला तबलजीचा हात जरासा हलतो तो मला तर आवडतो, गोठलेला हात मेल्यासारखा दिसतो. रॉकला मात्र १/२५० च्या खाली जाऊ नका, तिथे आवाजाचा प्रश्न नाही, सरळ मेकॅनिकल शटर.

माझा आणखी एक मुद्दा म्हणजे लेझर. ईडीएमला (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या शोला) बीम गर्दीवर फिरतात, सरळ लेन्समध्ये आला तर सेन्सर जळतो, कायमची रेघ किंवा ठिपका. मिररलेसचा सेन्सर कायम उघडा असतो म्हणून तिथे धोका जास्त.

पिट_पोरगो :
म्हणून तर मी म्हणतो डीएसएलआर अजून मेलेली नाही, आरसा खाली असतो तोपर्यंत सेन्सर झाकलेला.

शटरबाई :
आणि आरसा खाली असताना तो बीम कुठे जातो बाबा? ७०-२०० मधून सरळ तुझ्या डोळ्यात. सेन्सर बदलून मिळतो. मी तर लेझर चालू झाले की कॅमेरा खाली करते किंवा बाजूने काढते, बीम दिसायला बाजूनेच छान दिसतो.

मोबाइलवाली_म्हापसा :
माझं थोडं वेगळं. एवढं सगळं कशासाठी? शिगम्याची (आपला होळीच्या वेळचा सण) मिरवणूक मी फोनवर काढते, रोमटामेळ म्हणजे नाचत जाणारी पथकं, ढोल-ताशे, कासाळी (मोठ्या झांजा), गुलाल उडतोय, लोक फोनकडे बघत पण नाहीत, मोठा कॅमेरा दिसला की पोज देतात नाहीतर अंग चोरतात. गुलाल लेन्सच्या रिंगमध्ये गेला की सर्व्हिसिंग, फोन ओल्या फडक्याने पुसला की झालं. घरच्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीत घुमट, म्हणजे चामडं लावलेलं मातीचं वाद्य, वाजतं तिथे कोण ७०-२०० काढणार, खोलीच केवढी. २०१९ ला घुमट राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं तरी त्याचे चांगले फोटो शोधून सापडत नाहीत, कारण घुमट वाजतं तिथे कॅमेरावाला पोचत नाही आणि पोचतो तिथे डीजे वाजत असतो.

पिट_पोरगो :
शिगमो उजेडात असेपर्यंत ठीक गे. काळोख पडला की फोनचा नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकावर एक रचतो, ढोलवाला हलला की तीन हात. आणि स्टेजवरची निळी लाइट फोनमध्ये बघ, गायकाचा चेहरा म्हणजे निळा प्लास्टर, डिटेल शून्य. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) आणि मोठा सेन्सर असेल तर त्यातून काहीतरी काढता येतं, व्हाइट बॅलन्स फिरवून नाहीतर सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून.

मोबाइलवाली_म्हापसा :
निळ्या लाइटला तुझा पण निळाच येतो, तू नंतर ब्लॅक अँड व्हाइट करतोस आणि त्याला आर्ट म्हणतोस.

पखवाजी :
हाहा. घुमटाचं मात्र बरोबर बोललात ताई. फोटो घेणाऱ्यांनी एक बघा, दोन्ही हात वेगळं काम करतात, एक हात चामड्यावर आणि दुसरा मागचं छोटं तोंड उघड-बंद करतो, घुमटाचा आवाज त्यातच आहे. सगळे समोरून चामड्याचा फोटो काढतात. बाजूने काढा. (पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, आता कायद्याने बंद, बकऱ्याचं लावतात. नाद थोडा वेगळा लागतो, पण ते भांडण दुसऱ्या धाग्यावर.)

लाल_माती :
कानाच्या प्लगवर कोणीच बोललं नाही, बघा. लेन्सवर पन्नास ओळी आणि कानावर शून्य.

पिट_पोरगो :
प्लग घातले की गाणं कळत नाही, ड्रॉप, म्हणजे बीट जोरात पडतो तो क्षण, कधी येतो ते कळायला पाहिजे मला. सवय होते.

शटरबाई :
सवय होत नाही, बहिरेपण येतं. अमेरिकेतल्या नायोशचा (कामावरच्या आरोग्याची सरकारी संस्था) ठोकताळा आहे, ८५ डेसिबल आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबल म्हणजे पंधरा मिनिटं. आणि पिटमध्ये तू सबवूफरला पाठ लावून उभा असतोस. तुझी तीन गाणी झाली की त्या दिवसाचा कोटा संपला, मग पुढचा बँड, त्याच्या पुढचा. फोम नको असेल तर वादक वापरतात ते सिलिकॉनचे घे, उंच-खालच्या सगळ्या सुरांचा आवाज सारखा कमी होतो, ड्रॉप तर छातीत कळतो. ७०-२०० च्या हुडएवढी (लेन्सच्या तोंडावरच्या कड्याएवढी) पण किंमत नाही त्याची.

पखवाजी :
आमच्यातले पण आता घालायला लागलेत, फ्यूजनला ड्रमच्या शेजारी बसावं लागतं तेव्हा.

पिट_पोरगो :
बरं बघतो. पण ७०-२०० बद्दल मी मागे हटणार नाही. मोंतेला जा, जुन्या गोव्याच्या टेकडीवर चॅपेलच्या अंगणात संध्याकाळी मैफल असते, लोक खुर्च्यांवर गप्प बसलेले, तिथे तुझी चार पावलं टाकून दाखव. कडेच्या भिंतीला टेकून लांबूनच काढावं लागतं. छोट्या आणि शांत ठिकाणीच लांब लेन्स जास्त लागते, तुझा सगळा मुद्दाच उलटा आहे.

लाल_माती :
हा मुद्दा चांगला आहे, बाकीच्यांपेक्षा. पण मोंतेसाठी दोन लाख? वर्षातून दोन-तीन वीकेंडला भाड्याने आण. किंवा ७०-२०० एफ/४ सेकंडहँड, सूर्य मावळेपर्यंत एफ/४ ने काही बिघडत नाही, वजनाला पण निम्म्याच्या जवळ, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) पण लागत नाही. २.८ विकत घेऊन जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात ठेवलीस तर तिला बुरशीच लागणार, आपल्याकडची पावसाळी हवा माहितीये.

नवीन_फोंडा :
मी तोच ज्याने लाल_माती दादांना मेसेज केला होता. वाचून अजून गोंधळ झाला, पण ८५ घेतोय असं वाटतंय, पिट_पोरगो भाई माफ करा. ड्राय कॅबिनेट नसेल तर लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवली तर चालेल का? आई म्हणते मोबाइल पाण्यात पडला होता तेव्हा चालला होता.

शटरबाई :
तांदूळ अजिबात नको, त्याची भुकटी फोकस रिंगमध्ये जाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि छोटा आर्द्रता मीटर मिळतो तो टाक, ४० ते ५० टक्के राहिलं पाहिजे. सिलिकाचा रंग बदलला की तापवून परत वापर. आणि एसी हॉलमधून बाहेर येताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेव दहा-पंधरा मिनिटं, नाहीतर लेन्सवर लगेच धुकं.

पिट_पोरगो :
माफी कसली, घे ८५. फक्त यूव्ही फिल्टर लावू नकोस त्याच्यावर, स्टेजचे दिवे समोरून आले की काचेत हिरवे भुताचे ठिपके पडतात. हुड लाव, तेवढं संरक्षण पुरे. आणि शिगम्याला ये पणजीला, माझी ७०-२०० लावून बघ तुझ्या बॉडीवर, मग बोलू.

लाल_माती :
बॉडीचा लेन्स बसवायचा माउंट वेगळा आहे त्याचा. बसणार नाही.